गप तास

शनिवारी दुपारी, शाळा सुटायच्या आतच माझा आवाज गेला. आठवडाभर घोगरा होताच. त्या दिवशी तिसरीला बेरीज सांगता सांगता मधेच बंद पडला, विहिरीवरचं इंजिन बंद पडतं तसा. बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला होता. शाळेमागच्या माळावरची धूळ दिवसभर वर्गात यायची, आणि माझ्याकडे पहिली होती. पहिली शिकवणं म्हणजे ओरडणं, दुसरं काही नाही.

आमचे मालक भिंगारला लष्कराच्या छावणीत नोकरीला होते. मी आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे. भिंगारच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं.

"आठ दिवस बोलायचं नाही, बाई. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं घसा जास्त बिघडतो."

मी कागदावर लिहून दाखवलं, 'रजा मिळत नाही.'

"मग मुक्यानं शिकवा," ते म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले. सोमवारी मी तेच केलं.

रजा खरोखरच मिळण्यासारखी नव्हती. शाळेत आम्ही दोघंच. हेडमास्तरांकडे दुसरी आणि चौथी, माझ्याकडे पहिली आणि तिसरी. त्यात दुष्काळी कामांमुळे मास्तरांना रोज काही ना काही वरचं काम यायचं. आज मजुरांची हजेरी घ्यायला चला, उद्या पोरांना सुकडीचा खाऊ वाटायला चला. दोघांतलं एक घरी बसलं तर शाळेला कुलूपच.

सोमवारी तिसरीला धडा उतरवून काढायला बसवलं आणि पहिलीसमोर उभी राहिले. ओठांवर बोट ठेवलं, मग घशावर ठेवलं. पोरांना वाटलं खेळ आहे. फळ्यावर पाटी काढली आणि हात पुढे केला. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. तेवढ्यात मागच्या ओळीत एका मुलीनं पाटी काढून मांडीवर ठेवली होती.

ती मुलगी त्या वर्गात तिसऱ्या वर्षी बसत होती. वयानं नऊ वर्षांची, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, म्हणून तिला सगळ्यांत मागे बसवलेलं. मी त्या जूनमध्ये बदलून आले तेव्हा हेडमास्तरांनी वर्ग सोपवताना तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "ही मंद आहे. दर वर्गाला एखादं असतंच. हिच्यावर फार वेळ घालवू नका." गाव तिला सरळ खुळी म्हणायचं. बोलायची थोडं, पण जड जिभेनं, घरच्यांनाच कळेल असं. एकटीला उभी केली की गप्प. सगळ्यांबरोबर पाढे म्हणायला लावले की मात्र तोंड हलायचं आणि मान बरोबर तालावर डोलायची. आमच्या शाळांत तेव्हा सगळं शिकणं सामुदायिक होतं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. त्या ओरडण्यात कोण काय म्हणतंय हे मास्तराला कधीच कळत नाही. आणि एरवीही ती सगळं करायची, फक्त शेजारणीकडे बघून, जरा उशिरा. मंद म्हणायला एवढं पुरेसं होतं.

त्या सोमवारी उलटं झालं. मी फळ्यावर काढावं, हातानं खूण करावी, आणि तिनं सगळ्यांच्या आधी करावं. दुपारपर्यंत पोरांच्या ते ध्यानात आलं. मी खूण केली की सगळी पोरं माझ्याकडे बघायची सोडून मान वळवून तिच्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती पाटीवर चित्र काढत असताना मी पाण्याची रिकामी बादली तिच्या मागे नेली आणि हातातून सोडली. आख्खा वर्ग दचकला. शेजारच्या वर्गातून हेडमास्तर धावत आले. ती बैलाची शिंगं काढत होती. शिंगं पुरी करून तिनं वर पाहिलं, सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून पाटी पोटाशी धरली.

घसा सुटल्यावर मी तिच्या शेजारच्या मुलीला बोलावून विचारलं, "हिला ऐकू येत नाही, तुला ठाऊक होतं?"

"व्हय बाई."

"आणि बाकीच्यांना?"

"समद्यास्नी ठावं हाय. आमी तिला हाक न्हाई मारत. खडा मारतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई."

हेडमास्तरांना सांगितलं तेव्हा ते हजेरीपट मिटून शांतपणे म्हणाले, "असेल. पण बाई, पहिलीची परीक्षा तोंडी. वाचन म्हणजे मोठ्यानं वाचणं, कविता म्हणजे म्हणून दाखवणं. ती लेखी घ्यायची तर सरकारी डॉक्टरचा दाखला पाहिजे. बहिरी असल्याचा. दाखला आणा, मी वर लिहितो. नाहीतर ह्या वर्षीही नापास, आणि आता मी तिला आणखी ठेवून घेणार नाही. नऊ वर्षांची घोडी पहिलीत बसलेली पाहून तपासणीला येणारे साहेब मला विचारतात."

माणूस वाईट नव्हता. नियमापलीकडे दुसऱ्या कशावर उभं राहायची त्यांना सवय नव्हती, इतकंच. मी म्हटलं, दाखला आणते. नगरचा सरकारी दवाखाना एसटीनं तासाच्या अंतरावर. त्यात अवघड काय आहे, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात मुलगी यायची बंद झाली. तिच्या आईला दुष्काळी कामावर खडी फोडायला घेतलं होतं आणि अंगावरचा मुलगा सांभाळायला घरात कोणी नव्हतं. बाप त्याच कामावर पहार घेऊन. शाळा सुटल्यावर मी कामावर चालत गेले. नव्या रस्त्याच्या कडेला बायकांची रांग बसलेली, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, हातात हातोडी. तिची आई टोकाला होती. मुलगी मागे तरटाच्या सावलीत भावाला मांडीवर घेऊन बसलेली. मला पाहून तिनं हसून भावाचा हात धरून हलवला.

मी आडपडदा ठेवत नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "तुमची मुलगी खुळी नाही. तिला ऐकू येत नाही. सोमवारी माझ्याबरोबर नगरला चला, दाखला काढू."

आईची हातोडी थांबली. तिनं आधी शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हळू बोला, बाई."

ती उठली आणि मला जरा लांब, कडेच्या चिंचेच्या झाडापर्यंत घेऊन गेली.

"आमाला काय म्हायती न्हाई व्हय? गोवर आला हुता. चार वर्साची हुती. तवापासनं."

"मग शाळेत सांगितलं का नाही?"

"सांगून काय कान येत्यात?"

"शिकवता येतं वेगळ्या रीतीनं."

"बाई, तुमी शिकलेल्या. आमच्यातलं तुमाला न्हाई कळायचं. खुळी म्हनलं की मानसं म्हनत्यात, ल्हान हाय, येईल शानपन, लगीन झालं की हुईल सरळ. एखादं भलं घर पदरात घेतं. बहिरी म्हनलं की मिटलं. वर कागुद काढायचा, सरकारी शिक्क्याचा. म्हंजी मी म्हनले न्हाई तरी शिक्का बोलंल." मग मुलाकडे बोट करून म्हणाली, "आन ह्याचं काय? ह्यांच्या रगतात हाय म्हनतील. ह्याला कोन पोरगी दील?"

"गोवरानं झालेलं रक्तात नसतं."

"त्ये तुमाला ठावं. गावाला न्हाई."

ती जे सांगत होती ते चूक होतं असं मला म्हणता येईना; मी त्या गावात सहा महिने होते, ती जन्माची. मी निराळं विचारलं. "पास झाली तर शाळेत ठेवाल?"

ती हसली. "तीन वर्सं बसली ती पास व्हतीया आता."

"झाली तर?"

"झाली तर ऱ्हाऊ दे. बाईमानूस एकडाव बोललं की बोललं. पन न्हाई झाली तर परत हितं यायचं न्हाई. आन त्या कानाचं नाव काढायचं न्हाई. ना गुर्जीपाशी, ना सायबापाशी. खुळी म्हना, काय बी म्हना."

"परीक्षेपर्यंत रोज पाठवा मग."

"ह्याला कोन बघंल?"

"सकाळी दोन तास पाठवा. तेवढे दोन तास ह्याला तरटाखाली बांधा, नाहीतर शेजारणीला द्या. ते तुम्ही बघा. मी माझं बघते."

असं ठरलं. ह्या लेखात गावाचं आणि माणसांचं नाव नाही ते त्यामुळेच. शब्द देताना मुदत घातली नव्हती.

परत येताना मी गोष्ट मनाशी मांडून पाहिली. मुलीला पास करायचं म्हणजे तिची परीक्षा न बोलता व्हायला हवी. तिची एकटीची तशी घेतली तर दाखला लागतो, आणि दाखला निघणार नाही. मग उरलं एकच. आख्ख्या पहिलीची परीक्षा न बोलता घ्यायची. सगळेच मुके झाले तर बहिरं कोण ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहिलीचा सकाळचा पहिला तास बिनबोलाचा केला. पोरांनी त्याला 'गप तास' नाव ठेवलं. मुलीला पुढे आणलं. उंची आडवी येते म्हणून मागच्या पोरांनी कुरकुर केली, तेव्हा तिला कडेला भिंतीपाशी बसवलं. तिथून फळाही दिसायचा आणि माझं तोंडही. अक्षरं एकेक शिकवायचा नाद सोडला. क कमळातला हे ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी. मी आख्खा शब्द वस्तूवर लावला. दारावर 'दार', बादलीवर 'बादली', माझ्या छत्रीवर 'छत्री'. मग करायचे शब्द: आण, ठेव, दे, लाव, बस. भिंगारहून जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणल्या. एका बाजूनं कोऱ्या, जाड, पोरांच्या हातात टिकणाऱ्या. त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात हुकूम लिहिले. 'दार लाव.' 'तीन खडे आण.' 'छत्री बाईंना दे.' पत्रिका हातात दिली की वाचायची, आणि वाचली हे सांगायचं नाही, करून दाखवायचं.

पोरगी साधी नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या पत्रिकेवरचं 'खडे' पुसून तिनं 'छत्री' लिहिलं, आणि तो मुलगा वर्गभर तीन छत्र्या शोधत फिरला. खडू चोरायची. मी रागावले की जमिनीकडे बघत राहायची, कारण बघितलं नाही की रागावणं पोचत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी हनुवटी धरून तिचं तोंड वर करायचे आणि मगच रागवायचे.

बाकीच्या पोरांचंही ह्यात काही बिघडलं नाही, उलट सुधारलं. आधी ती धडा पाठ म्हणायची. बोट एका शब्दावर आणि तोंड तिसऱ्यावरच. पत्रिका पाठ म्हणून चालत नाही.

अडचण आली ती भलत्याच बाजूनं. आमच्या गावात शाळा चालली आहे की नाही हे लोक पारावर बसून ऐकत. पाढ्यांचा आवाज आला की मास्तर जागेवर आहेत. एके सकाळी सरपंच दोघांना घेऊन थेट वर्गात शिरले. मी फळ्यापाशी, पोरं पत्रिका घेऊन इकडून तिकडे चाललेली, कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही.

"मायला," सरपंच म्हणाले, "आमाला वाटलं बाई गावाला गेल्या. आवाज न्हाई कसला."

"वाचन चाललंय."

"असलं कसलं वाचन? मढ्याला बसल्यावानी. पंधरा दिस झालं लोक इचारत्यात, पगार घेत्यात का न्हाई हे."

हेडमास्तर आले, आणि सरपंच गेल्यावर मला म्हणाले, "बाई, हे बंद करा. माझ्यावर अर्ज जाईल."

"गावाला आवाज पाहिजे ना? माझा गप तास असेल तेव्हा तुमच्या चौथीला पाढे म्हणायला लावा. मोठ्यानं. खिडक्या उघड्या ठेवून."

"आणि कारण काय हे सगळं करायचं? दाखल्याचं काय झालं?"

"दाखला नको. माझी समजूत चुकली होती."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. समजूत चुकली म्हणणारी मी नव्हे हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पण खरं सांगायला शब्द आड येत होता. ते म्हणाले, "ठीक. पण परीक्षा तोंडी, एवढं ध्यानात ठेवा." आणि दुसऱ्या दिवसापासून चौथीकडून असे पाढे म्हणवून घेतले की पारावरच्या मंडळींनी निरोप पाठवला, जरा दमानं घ्या म्हणून.

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली. परीक्षेच्या दिवशी तालुक्याहून विस्तार अधिकारी जीपमधून आले. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडात पान. त्यांना त्याच दिवशी आणखी दोन कामांवरच्या हजेऱ्या तपासायच्या होत्या. खुर्चीत बसताच त्यांनी वर्गाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढी पोरं एकेक करून? हेडमास्तर, असं करा, तुम्हीच घ्या. मी सही करून निघतो."

हे मात्र मी धरलेलं नव्हतं. हेडमास्तर घेतील ती परीक्षा तोंडीच होईल. मी पुढे झाले.

"साहेब, तासाभरात होईल. वाचन एकदम दहा जणांचं घेता येतं."

"एकदम? गलका होईल."

"गलका होत नाही. बघा तरी."

मी पत्रिकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक उलटून पाहिली. "हे कुणाचं लग्न?"

"ते बघू नका. मागं बघा."

हेडमास्तर म्हणाले, "साहेब, नियमात वाचन म्हणजे..."

"नियमात 'वाचून अर्थ कळणे' असंही आहे," मी म्हटलं. ते होतं. आदल्या आठवड्यात मी शोधून ठेवलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्या पद्धतीबद्दल त्यांना काही वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. त्यांना निघायचं होतं. "चला, होऊ द्या."

पहिले दहा झाले. कुणी दार लावलं, कुणी खडे आणले. साहेब जरा सावरून बसले. "हे घोटून घेतलंय तुम्ही. मी लिहितो ते करतात का बघू." त्यांनी पाटी मागवून घेतली आणि भरभर लिहिलं. मुलानं पाटी उलटी केली, सुलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानंही तसंच.

"बघा," साहेब म्हणाले.

मी पाटी पाहिली. "साहेब, हे मलाही लागत नाही."

ते हसले, आणि पुढचं छापल्यासारखं लिहिलं. मग पोरांना आलं. ते रंगात आले. पोराला आपला चष्मा हेडमास्तरांना द्यायला लावला, आणि हेडमास्तरांना तो घालावा लागला.

मुलीची पाळी आली. साहेबांनी लिहिलं, 'मला पाणी दे.' ह्याच्या आधी त्यांनी एका मुलाला हेच दिलं होतं. तो बादलीपाशी जाऊन परत आला आणि रडवेला होऊन उभा राहिला. तिनं वाचलं. पेला घेतला, बादलीपाशी गेली, आत पाहिलं. मग बादली दोन्ही हातांनी उचलून साहेबांच्या पुढ्यात आणली आणि पालथी करून दाखवली. तेवढ्यानं भागलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण त्यांच्या हातातली पाटी ओढून घेऊन तिनं खाली लिहिलं, 'पाणी नाही.'

ते दोन शब्द असे जोडून मी वर्गात शिकवले नव्हते. टँकर न आल्याच्या दिवशी ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असत.

साहेबांनी पाटी हेडमास्तरांपुढे धरली. हेडमास्तरांच्या डोळ्यावर अजून दुसऱ्याचा चष्मा होता. त्यांनी तो काढला, आपला लावला आणि वाचलं.

"पुरे," साहेब म्हणाले. मुलीला वाचनाचे सगळे गुण दिले. अंकांचे पाटीवर झाले होते, तेही मिळाले. मग पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन ते तिला म्हणाले, "आता एक कविता म्हण."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या पानाच्या तोबऱ्यातून मलाही नीट कळलं नव्हतं.

"म्हण, म्हण. लाजू नको."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "साहेब, ती जरा..."

मला त्यांचं पुढचं वाक्य माहीत होतं, आणि त्यांच्या मनात चांगलंच होतं. बहिरी म्हटलं असतं तर साहेबांनी कविता सोडली असती, दाखला मागाहून घ्या म्हटलं असतं. आणि आईला दिलेला शब्द त्या खोलीतच संपला असता. खिडकीत गावातली पाच-सात माणसं परीक्षेची मजा बघत उभी होती.

"कविता येत नाही तिला," मी म्हटलं.

"एकही?"

"एकही नाही. शून्य द्या."

"बाई, वर्षभर शिकवलंत आणि एक कविता नाही?"

"नाही. माझ्या नावावर शेरा मारा पाहिजे तर. तिला शून्य द्या आणि पुढची मुलगी घ्या."

त्यांनी शून्य दिलं. शेराही मारला, 'कविता-पाठांतराकडे दुर्लक्ष' असा. तो माझ्या नोकरीच्या कागदांवर पुढे बरीच वर्षं राहिला. बेरीज हेडमास्तरांनी केली, दोनदा केली. पास व्हायला पुरतील एवढे गुण होत होते, वर थोडे उरत होते.

जीप गेल्यावर हेडमास्तर पायरीवर बसले. "मला काय सांगायचं होतं ते तुम्हाला कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग का अडवलंत?"

"तिच्या घरची गोष्ट आहे. माझी नाही."

त्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "दुसरी माझ्याकडे असते. मला तुमच्यासारखा हात हलवत बसता येणार नाही, आधीच सांगतो. तिथं ती परत मागे पडेल."

हे मी परीक्षेच्या कितीतरी आधी धरून ठेवलं होतं. "पहिली तुम्ही घ्या. दुसरी मला द्या."

"पहिली? ह्या वयात?"

"बदल्यात सुकडीचं वाटप मी बघते. दोन्ही वेळचं."

सुकडी वाटताना आया भांडत. कुणाच्या वाटीत चमचा भरून, कुणाच्या अर्धा. हेडमास्तरांना त्या भांडणाची मनस्वी धास्ती होती. त्यांनी बिडी विझवली. "आणि भांडण झालं तर मला बोलवायचं नाही."

"नाही बोलवणार."

निकाल सांगायला मी कामावर गेले. आईनं हातोडी खाली ठेवली नाही. "झाली?"

"झाली."

"तुमी केली."

"मी नाही. साहेबांनी घेतली परीक्षा. गावातली माणसं खिडकीत होती, विचारा त्यांना."

"इचारलं," ती म्हणाली. "बादली दाखवली म्हनं. समदी हसत हुती. शानी हाय म्हनत हुती." एक दगड फुटला, दुसरा घेतला. "कानाचं?"

"कुणी बोललं नाही."

तिनं हातातला दगड फोडला. मीही थांबले नाही. ऊन फार होतं आणि सुकडीची पोती उतरवून घ्यायची होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी दुसरीच्या दारात ती मुलगी उभी राहिली. मागच्या साली न बसणारा परकर आणखी आखूड झालेला, आणि कडेवर भाऊ. मागून आई, कामावर जायच्या घाईत, भाकरीचं फडकं हातात.

"शब्द दिल्ता म्हनून आनली," ती म्हणाली. "पन ह्यालाबी बसवून घ्या. ह्याला ठिवायला जागा न्हाई."

"दोन वर्षांचं पोर? हा रडेल."

"रडतो कुटं. बोलतो. दिसभर टकळी. तुमच्या वर्गात कुनी बोलत न्हाई म्हनं, तर हिकडं तरी गप बसंल."

मुलगी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मी तिला भिंतीपाशी जागा दाखवली, दाराची कडी लावली म्हणजे पोर बाहेर पळणार नाही, आणि फळ्यावर पहिलं वाक्य लिहायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत भाऊ बोलायला लागला होता.